मशीनवरची बशी

आमच्या घरी कुणी पाहुणा आला की माझे सासरे आधी त्याची मशीनशी ओळख करून देतात आणि मग माझ्याशी. मी याबद्दल पुष्कळदा तक्रार केली आहे. "तू कुटं पळून चाललीयास व्हय?" असं म्हणून ते पाहुण्याला पुन्हा अंगणात घेऊन जातात.

मशीन म्हणजे हवा भरायचा कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडे असतो तो नव्हे. हा लोखंडी चौकटीत बसवलेला, दोघांनी धरून उचलायचा, पेट्रोलवर चालणारा. आजूबाजूची साधी हवा हा इतकी दाबतो, इतकी दाबतो, की ट्रकच्या टायरातला दाब त्यापुढे फुग्यासारखा वाटावा. ही दाबलेली हवा लोखंडी बाटल्यांत भरायची, आणि ती बाटली पाठीला बांधून माणूस पाण्याखाली जातो. त्या माणसाचा पाण्याखालचा सगळा श्वास त्या बाटलीत असतो.

आमच्या घरी तो माणूस म्हणजे माझा नवरा. एरवी ते कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करतात, पण सांगलीत नदीवर बचावाचं एक पथक आहे, त्यात ते पाणबुडे आहेत. घाटावर कुणी घसरलं, विहिरीत कुणी पडलं, पूर आला, की फोन येतो आणि हे लेथ बंद करून निघतात. लग्न ठरवताना मला फक्त लेथ सांगितला होता. पाण्याचं नंतर कळलं, आणि तोवर मला माणूस आवडून गेला होता.

मशीन पथकाचं, पण राहतं आमच्याकडे, कारण आमच्याकडे मामा आहेत. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात. मामा मूळचे रहिमतपूरजवळचे. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली, आणि सासूबाई गेल्यावर तिकडचं घर बंद करून ते आमच्याकडे आले. आले तेव्हा नुसते बसून असायचे. जेवण झालं की ताट कुठं ठेवू, असं पाहुण्यासारखं मला विचारायचे. मग मशीन आलं आणि आठवड्याच्या आत मामा घरात असे वावरू लागले की मीच परवानगी काढून अंगणात जायला लागले.

त्यांचा मोठा सोहळा म्हणजे तेल बघणं. मशीनच्या पोटाशी एक गोल काच आहे, बटणाएवढी, आणि तिच्यावर दोन बारीक रेघा. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असलं पाहिजे. खालच्या रेघेच्या खाली गेलं तर आतले भाग एकमेकांवर घासून मशीन बसतं. वरच्या रेघेच्या वर गेलं तर जास्तीचं तेल वर चढतं, हवेत मिसळतं, गाळणी त्याला काही वेळ अडवते आणि मग हात टेकते. तेल बाटलीत जातं. बाटलीतून माणसाच्या छातीत. हे मला मामांनीच शिकवलं, भाकरी थापताना, मी विचारलं नसताना.

तेल बघायच्या आधी मशीन थंड असलं पाहिजे. बंद केल्यावर लगेच बघायचं नाही, उडालेलं तेल खाली बसू द्यायचं. मग मामा धुतलेल्या धोतराच्या फडक्यानं काच पुसणार, एक डोळा मिटणार, वाकणार. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मिक्सर लावायचा नाही, हेही एकदा सांगून झालं होतं. "मामा, तेलाला ऐकू येतं का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "मला येतं." तेल घालायचं ते खास, श्वासाच्या हवेसाठीचं, आणि त्याचा डबा मामा कपाटाच्या कुलपाच्या खणात ठेवायचे. माझे दागिने त्याच कपाटात, पण उघड्या खणात.

मधे पूर येऊन गेला. पाणी खिडकीपर्यंत होतं, आणि ओसरल्यावर अंगणात चिखलाचा असा थर बसला की खरवडून खरवडून आमच्या हातांची सालं गेली. तेव्हा मामांनी ठरवलं, अंगण उखडायचं आणि नवीन करायचं, असा उतार देऊन की पुढच्या वेळी बादलीभर पाण्यानं चिखल आपोआप गटारात गेला पाहिजे. गवंड्याच्या डोक्यावर ते उभे राहिले. गवंडी म्हणाला, "आवं आजोबा, एवडा उतार कुनी देत न्हाई." मामा म्हणाले, "कुनी देत न्हाई म्हनून चिखल ऱ्हातोय." अंगण वाळल्यावर त्यांनी भिंतीपाशी एक तांब्या ओतला. पाणी सरळ गटारापर्यंत धावलं, वाटेत कुठंही थांबलं नाही. तेव्हापासून पाहुण्याला आधी मशीन दाखवतात, मग अंगणाचा उतार, आणि मग मी.

पुरात पथकाबरोबर गेलेलं मशीन पुन्हा आपल्या जुन्या कोपऱ्यात, भिंतीलगत पत्र्याखाली गेलं. काच भिंतीच्या बाजूला, मधे मामांना वाकता येईल एवढी जागा सोडून. मामांना तसंच आवडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागायला नको म्हणून.

त्यानंतर काही महिन्यांनी नवरा सरावाहून घरी आला आणि जेवला नाही. डोकं धरून बसला. ऊन लागलं, म्हणाले. पुढच्या सरावानंतर पुन्हा तेच, आणि वर "तोंडाला कसली तरी चव आहे" असं म्हणाले. मी त्यांना घाटावरच्या वडापाववरून यथेच्छ बोलून घेतलं. पण बोलता बोलता मी त्यांची रिकामी होत आलेली बाटली आत ठेवत होते, तिचा कॉक हाताला लागून थोडी हवा फस्सकन निघाली, आणि मी बोलायची थांबले.

माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. माझं माहेर तासगावचं, द्राक्षाचं. बेदाण्याच्या शेडवर मी लहानाची मोठी झाले. वडील बेदाण्याची मूठ माझ्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, काय म्हणतोय? गंधकाची धुरी जास्त झाली, की ओल राहिली, की माल नुसता गोड आहे, हे मी डोळे मिटून सांगायची. व्यापारी गमतीनं म्हणायचे, हिला बोली लावायला बसवा. ते नाक घेऊन मी या घरात आले, आणि त्या नाकाला त्या हवेत तेल लागलं. फार नाही. चालून गार झालेल्या मशीनला जसा वास असतो, तसा.

मी अंगणात गेले आणि म्हटलं, "मामा, तेल जास्त हुतंय."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं, काच पुसली, बाजूला सरकले आणि मला वाकायला लावलं. "बग. तुज्या डोळ्यानं बग." मी बघितलं. तेल खालच्या रेघेला जेमतेम टेकलं होतं. जास्त तर नव्हतंच, कमी होतं. मामांनी माझ्यासमोर कपाट उघडलं, डबा आणला आणि तेल मधोमध येईपर्यंत घातलं. "गाड्यांच्या तेलात जल्म गेला माजा," म्हणाले, "आन तू मला वासावरनं सांगतीयास." काच खरं बोलत होती आणि माझं नाकही खोटं बोलत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मामांनी मीठसुद्धा माझ्याऐवजी मुलाकडे मागितलं. नवरा मधे बसून दोघांना भाजी वाढत होता.

मी नवऱ्याला म्हटलं, ती हवा घेऊन पाण्यात जाऊ नका. ते म्हणाले, "आबांनी बघितलंय ना? मग झालं." ते वडिलांना आबा म्हणतात. मी म्हटलं, "तुमच्या आबांचा मान राहील. आणि तुम्ही राहाल का?" ते हसले, आणि मला इतका राग आला की मी उठून गेले. गणपती जवळ आले होते. विसर्जनाला हे दिवसभर घाटावर, बाटली पाठीला लावून तयार. पाण्याखाली गेलेल्या माणसाचं डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, तर तिथं त्याला कोण धरणार? हा एक विचार. आणि दुसरा विचार असा, की मी पथकातल्यांना सांगितलं तर ते मशीन उचलून नेतील, आणि मामा पुन्हा ताट कुठं ठेवू म्हणून विचारायला लागतील. दोन्ही माणसं माझी होती. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे मला कळेना.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामांना पाहिलं. अंगणात कुणी नाही अशी खात्री करून त्यांनी भरलेली एक बाटली मांडीवर घेतली, कॉक हळूच सोडला आणि नाक लावलं. पुन्हा सोडला, पुन्हा लावलं. मग दुसरी बाटली. त्यांच्या नाकाला आयुष्यभर डिझेलचाच वास, त्यांना काय कळणार? पण ते वास घेत होते, तोंड इतकंसं करून. त्यांनी गाळणीही बदलली होती, कुणाला न सांगता. जुनी मला कचऱ्यात सापडली. म्हणजे माझं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि भीती आम्हा दोघांना एकच होती. माझा सगळा राग तिथंच उतरला. मला त्यांची एक गोष्ट आठवली. रहिमतपूरच्या विहिरीत ह्यांना पोहायला शिकवताना मामा सुट्टीवर आलेले असत, आणि पोराच्या पाठीला बांधायचा पत्र्याचा रिकामा डबा ते दुसऱ्या कुणाला बंद करू देत नसत. झाकण स्वतः बसवायचे, भोवती मेण स्वतः लावायचे, आणि मग बादलीत बुडवून बघायचे, बुडबुडा येतो का.

मी चहा टाकला. भांडण संपलं हे सांगायची आमच्या घरची तेवढीच रीत आहे.

मामा चहा बशीत ओतून पितात. कप त्यांना पटत नाही. मी कप आणि बशी घेऊन गेले तर त्यांचे दोन्ही हात तेलकट. त्यांनी हनुवटीनं मशीन दाखवलं. मशीनच्या वरच्या अंगाला सपाट पत्रा आहे, त्यावर मी बशी ठेवली आणि काठोकाठ चहा ओतला. चहा एका बाजूनं पत्र्यावर सांडला.

"आंधळीयास का गं?" मामा म्हणाले. दोन दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले, ते असं.

मी पुसलं, पुन्हा ओतला, या वेळी जपून, थोडा कमी. बशीच्या एका काठाला चहा टेकला होता आणि दुसऱ्या काठाशी बशीवरचं निळं फूल अर्धं कोरडं होतं. मला वाटलं बशीच वाकडी आहे. मी ती फिरवली. फूल पलीकडे जाऊन बुडालं आणि चहा पुन्हा त्याच बाजूला, गटाराच्या बाजूला, जाऊन बसला.

मामा बघत होते. त्यांनी स्वतः तेलकट हातानं बशी एकदा फिरवली. मग ते गटाराकडे बघू लागले. मग भिंतीकडे, जिकडे काच होती. आणि मग वाकून मशीनच्या पायांकडे.

"तेल बी चहावानीच तिकडं पळतंय," हळू आवाजात म्हणाले. "काच वरच्या अंगाला हाय."

मला कळायला एक क्षण लागला. मशीन उतारावर उभं होतं. आतलं तेल गटाराच्या बाजूला जमत होतं, आणि काच उंच बाजूला, भिंतीकडे. काचेत तेल दिसायचं कमी, म्हणून मामा घालायचे. पुन्हा कमी, पुन्हा घालायचे. तेल कधीच कमी नव्हतं. रोज पायाखाली असलेला उतार पायांना सवयीचा झाला होता, आणि तो मामांनीच हौसेनं करून घेतला होता.

"उचल," मामा म्हणाले.

"मी?"

"मग काय पावन्यांना बोलवू?"

मशीन आम्ही दोघांनी मधल्या खोलीत नेलं. नेताना मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मधल्या खोलीची जुनी शहाबादी फरशी सपाट आहे. मामांनी पुन्हा बशी मागितली. चहा सगळीकडून सारखा टेकला, निळं फूल पूर्ण बुडालं. मग आम्ही तेल बसू दिलं. मी भिंतीला टेकून बसले, ते मशीनसमोर मांडी घालून. मग त्यांनी काच पुसली, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. काच नुसती तेलानं भरलेली होती. तेलाचा वरचा काठ कुठं दिसतच नव्हता, तो कधीच वरच्या रेघेच्या पलीकडे गेला होता.

जास्तीचं तेल काढायला मी माझं दुधाचं पातेलं दिलं. धार बघताना मामा म्हणाले, "मीच माज्या पोराला ह्ये पाजत हुतो."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला चेष्टाच सुचते. मी म्हटलं, "आवं मामा, पन उतार मातूर लय झ्याक हाय. थेंब थांबत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं पातेलं डोक्यात घालतात. मग ते हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, त्याच तेलकट फडक्यानं, आणि मग डोळे चुरचुरले म्हणून मलाच शिव्या दिल्या. मला हा माणूस त्या दिवशी किती आवडला ते सांगता येणार नाही.

मशीन घरात चालवता येत नाही, धूर कोंडतो. म्हणून ते पुन्हा अंगणात गेलं, आणि मामांनी खालच्या बाजूच्या पायांखाली कौलाचे तुकडे सारून, बशी बघून, पुन्हा सारून ते सरळ केलं. तेल पुन्हा बघितलं. गाळणी नवीन घातली. सगळ्या बाटल्यांतली हवा सोडून दिली, पुन्हा भरली, आणि पहिल्या बाटलीची नळी स्वतःच्या तोंडात धरून खुर्चीत बसून राहिले. मग माझ्याकडे दिली.

"कशाचा वास येतोय?"

मी डोळे मिटून सावकाश बघितलं. "कशाचाच न्हाई."

"नीट बग."

"कशाचाच न्हाई मामा."

संध्याकाळी नवरा कुपवाडहून आला. त्यांनी हेल्मेट काढायच्या आधीच मामा फाटकात जाऊन उभे. "तुजं डोकं माज्यामुळं दुकत हुतं," म्हणाले, आणि उतार, काच, बशी सगळं एका दमात सांगून टाकलं. नवरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि जेवायला काय आहे विचारलं. या दोघांचं प्रेम असंच चालतं, मला त्याची सवय झाली आहे.

विसर्जनाला मशीन घाटावर नेलं. पथकातले सगळे आधीच चिडलेले, गर्दी वाढत चाललेली, आणि मामा टपरीवरून चहा मागवून घरून आणलेल्या बशीत ओततायत आणि मशीनखाली दगड सारतायत. घाट म्हणजे सगळाच उतार. एकानं विचारलं, "आबा, चहा पिताय का मशीन लावताय?" "दोनी," मामा म्हणाले. दिवसभर तेच चाललं. मशीन हललं की बशी.

संध्याकाळी एका तराफ्यावरून दोन पोरं पाण्यात पडली. नावेतल्यांनी दोघांना लगेच ओढून घेतलं, पण आणखी कुणी होतं की काय यावरून आरडाओरडा सुरू झाला. ते बघायला माझा नवरा खाली गेला. पाण्यावर नुसते बुडबुडे. मी पायरीवर उभी होते, ढोल इतके वाजत होते की छातीत काय वाजतंय ते कळत नव्हतं. अशा वेळी मामा नेहमी मशीनपाशी असतात, पाठ नदीकडे. त्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हातात बशी तशीच, चहा निवून गेलेला, आणि नजर बुडबुड्यांवर. एक एक बुडबुडा ते बघत होते. बशी एवढी सरळ धरली होती की त्या गर्दीतही थेंब सांडला नाही.

नवरा वर आला तेव्हा हातानं खूण करत होता, खाली कुणी नाही. पायरीला धरलं, तोंडातली नळी काढली आणि आपल्या वडिलांकडे बघितलं. मामांनी ह्यांना कधी पाण्याबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारायचे ते बाटलीत किती उरली, एवढंच. त्या दिवशी ते खाली वाकले.

"हवा कशी हुती रं?"

नवऱ्याला धाप लागली होती. "चवच न्हाई, आबा. कसलीच न्हाई."

मामा पाण्यातल्या पायरीवर उतरले, धोतर भिजलं तरी. एका हातानं ह्यांची ओली मान धरली, दुसऱ्या हातानं बशी त्यांच्या ओठांना लावली, आणि एवढा मोठा माणूस वडिलांच्या हातून गार चहा पिऊ लागला.

"आन चहाला?" मामांनी विचारलं.

"चहाला हाय," नवरा म्हणाला.